रोरी आणि तांबड्या मातीचा डबा

रात्रभर डोळा लागला नाही. उद्या सलमानियाच्या इस्पितळात माझं ऑपरेशन आहे. पोटातल्या बाळाची वार खाली आलीय, रक्त खूप जाईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यात पहाटे रोरी रडला. कुत्रा रडला की घरातलं माणूस जातं, असं आमच्या दाभोळला मानतात. म्हणून हे लिहायला बसले.

मी, अकीला ताहिर, वय पंचवीस, मूळ गाव दाभोळ, हल्ली बहारीन, सातवीपर्यंत शिकलेली. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हे कोणी सांगून लिहून घेतलेलं नाही.

पहिलं माझ्या लेकीचं, तूबाचं. ती चार वर्षांची आहे, इथे माझ्याजवळच असते. मी गेले तर तूबाचे अब्बा तिला त्यांच्या आईकडे पाठवतील, कारण ते कामाला आहेत त्या तुबलीच्या गॅरेजवर आठ माणसांच्या खोलीत लेकरू कसं ठेवणार? पण तिला सासूकडे पाठवू नका. माझा धाकटा भाऊ मुझम्मिल, त्याच्याकडे पाठवा. बाळ जगलं तर तेही. अहो, रागावू नका. तुमच्या घरी तिला 'कुत्रेवालीची पोर' म्हणतील. अस्मा वन्सं मला तोंडावर म्हणाल्याच आहेत. त्यांना मी काही ठेवत नाही.

दोन बांगड्या तूबाला. शिलाई मशीन शेजारच्या महमुदाला, तिची सुई तिनेच मोडलीय. सासूबाईंचं पानदान त्यांना परत.

आता रोरी. मी जिच्या घरी कामाला राहते त्या ओर्ला मॅडमचा हा कुत्रा आयर्लंडचा, वासराएवढा. मागच्या पायांवर उभा राहिला की पुरुषापेक्षा उंच. मॅडम सांगते, पूर्वी ह्यांना राजे पाळायचे, हे लांडगे मारायचे. मग लांडगे संपले, कुत्र्यांना काम उरलं नाही, जात जवळजवळ बुडाली. कोणा कॅप्टनने उरलेसुरले गोळा करून, दुसऱ्या मोठ्या कुत्र्यांचं रक्त मिसळून पुन्हा वाढवली. आयुष्य सहा-सात वर्षांचं. रोरी सहाचा झाला.

एवढा मोठा, पण चोरावरही भुंकणार नाही. कोणी ओरडलं की टेबलाखाली डोकं घालतो. माणसाला अंग टेकून उभा राहतो. माझं पोट दिसायला लागल्यापासून मात्र हळूच टेकतो.

गेल्या वर्षी मुझम्मिल नोकरी बघायला आला. शुक्रवारची नमाज पढून पांढऱ्या कपड्यांत मला भेटायला आला. दार उघडलं तर रोरीने त्याच्या खांद्यांवर दोन्ही पाय ठेवले आणि सगळं तोंड चाटलं. त्याची ती भेटायची रीत. मॅडम हसली. मुझम्मिल लाल झाला.

"आपा, ह्याच्यासाठी बहारीनला आलीस? कुत्र्याची आया व्हायला?"

पिशवी तिथेच टाकून गेला. आठवड्यात गावी परतला. तेव्हापासून बोलला नाही.

पिशवीत माझ्या मिरचीच्या रोपासाठी आणलेली दाभोळची तांबडी माती होती. मी ती दूधपावडरच्या डब्यात ठेवलीय. कुत्र्याची लाळ लागली की सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने, हे अम्माने शिकवलेलं. इथे नुसती रेती. म्हणून मी त्याच मातीने धुते. रोज थोडी संपते. हात ओला झाला की आमच्या परसाचा वास येतो. मग नळ चालू ठेवून उभी राहते. मिरची लावलीच नाही.

डबा तूबाला.

सकाळी मॅडमला विचारलं, रोरी का रडला? ती म्हणाली, "अकीला, तो मरणाला नाही रडत. मी रात्री घरी नव्हते ना, तो हॉलमध्ये एकटा होता. ह्यांना एकटं राहवत नाही."

तरी कागद ठेवते. तूबाला नेण्याआधी तिची जुनी ओढणी रोरीजवळ ठेवा, तो तिला शोधेल.

साक्षीदार: महमुदा (सही), ओर्ला मॅडम (सही. "मराठी वाचता येत नाही तर सही कसली?" असं महमुदाने विचारलं. मॅडम म्हणाली, "मला अकीला वाचता येते.")

अकीला ताहिर
बुदय्या, बहारीन. २१ नोव्हेंबर १९९६

हे वाचणाऱ्याने मुझम्मिलला फोन करावा. दाभोळला रहिमतुल्लाशेठच्या दुकानात फोन आहे, ते बोलावून आणतात. तो 'माझं तिच्याशी बोलणं नाही' म्हणेल. फोन ठेवू देऊ नका. सांगा, आपा तुझ्याच मातीने हात धुऊन गेली. तूबाला घ्यायला ये.