सतरा नंबरची टिक

१२ जानेवारी, सोमवार

संस्थेच्या पत्रकाच्या फेब्रुवारी अंकाचं प्रूफ. शिबिरांच्या तारखा, दिव्यांग प्रमाणपत्राची कागदपत्रं, कृत्रिम पाय कुठं बसवून मिळतो, सगळं चार पानांत कोंबायचं. तेवढ्यात फोन. राहुरीजवळच्या गावातून, बाईचा आवाज.

"त्या पत्रकातल्या शमीमताई तुमीच का?"

वाटलं, अंक मिळाला नाही म्हणून असेल. तसं नव्हतं.

नाव प्रज्ञा. अपघातात मणका गेला, चाकाच्या खुर्चीत असते. सातवा महिना चाललाय. तपासणीला कुठं जावं म्हणून आमच्या पत्रकातली दवाखान्यांची यादी बघितली. सतरा नंबरच्या प्रसूतिगृहापुढं टिक. म्हणजे 'खुर्चीसह आत जाता येतं'. म्हणून गेली. तर समोर सात पायऱ्या. वॉर्डबॉय, रिक्षावाला आणि दोन अनोळखी पुरुषांनी खुर्चीसकट उचललं. मधेच एकाचा हात सुटला. पडली नाही एवढंच.

"साडी वर गेल्ती, ताई. खुर्ची धरू का साडी धरू? समदी बघत हुती."

माफी मागितली.

"माफी घिऊन काय करू? टिक कोनी दिली ते सांगा."

मीच दिली. सांगितलं.

१३ जाने., मंगळ.

जुनी वही काढली. सतरा नंबरपुढं माझंच अक्षर: 'फोन केला. रॅम्प आहे म्हणाले.' बस, एवढ्यावर टिक. यादीत तेवीस जागा. स्वतः पाहिलेल्या सहा. बाकी ऑफिसात बसून फोन फिरवलेला.

गाडे सरांना सांगितलं. सर संस्थेचे सचिव, रिटायर हेडमास्तर. मला या कामात त्यांनीच आणलं. म्हणाले, "खाली बारीक अक्षरात दुरुस्ती टाकून दे."

"चूक मोठ्या अक्षरात झालीय सर. या महिन्यात यादी छापत नाही. तेवीसच्या तेवीस बघून येते, मग छापू."

"तू? एवढं फिरणार?"

"स्कूटर आहे की." मागं दोन जादा चाकं लावलेली माझी स्कूटर सरांना नेहमी टमटम वाटते.

हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. मी हो धरलं.

१७ जाने., शनि.

आधी सतरा नंबरच. नाव इथंही लिहीत नाही, वही कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

पायऱ्या सात, मोजल्या. डॉक्टर म्हणाले, रॅम्प आहे, दाखवा मॅडमना. इमारतीच्या मागं. लोखंडी गेट, कुलूप. किल्ली जनरेटरवाल्याकडं आणि तो जेवायला गेलेला. पाऊण तास उन्हात उभी. आला, उघडलं. उतार चांगला आहे. जातो थेट जनरेटरच्या खोलीत. तिथून दवाखान्यात शिरायला दारच नाही.

परत डॉक्टरांकडं. म्हणाले, "तुमच्या बाईंना उचलून आत घेतलंच ना आमच्या लोकांनी? माणुसकीच दाखवली. आणि खरं सांगू का, असल्या अवस्थेत मुळात मूल..."

पेन काढलं. म्हटलं, "वाक्य पूर्ण करा डॉक्टर, लिहून घेते."

पूर्ण केलं नाही. निघताना म्हणाले, "एप्रिलचं तुमचं शिबिर आमच्याच हॉलमध्ये ना?" विचारलं की बजावलं?

टिक खोडली. कागद फाटेपर्यंत.

२० जाने., मंगळ.

राहुरी. प्रज्ञाकडं. रस्त्याला खड्डे की खड्ड्यांना रस्ता. पाठ गेली.

"जय भीम, ताई. या, हिकडून या, पायरी न्हाई." घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, प्रिंटर. अर्ध्या गावाचे ऑनलाइन फॉर्म हीच भरते. मी तिथं असताना तिघं आले. एका आजोबांचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता, त्यांचा हात ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा ठेवला, चौथ्यांदा उमटला. तोंडानं माझ्याशी बोलणं चालूच. नवरा सुनील विद्यापीठाच्या शेतावर कामाला.

सहाच जागा स्वतः बघितल्याचं सांगून टाकलं. मला वाटलं होतं रागावेल. रागावली नाही. त्यापेक्षा वाईट, प्रश्न विचारला. "तुमी त्या सा जागा सोता बघितल्या, तितं पायऱ्या किती हुत्या?"

आठवेना. एकाही ठिकाणच्या आठवेनात.

"तुमाला पायरी दिसतच न्हाई, ताई. तुमी कुबडी टेकवता नि चढता. आमाला एक पायरी म्हंजी भिंत. एकदा खुर्चीत बसून बघा, मग द्या टिक."

चहा प्याले.

बाळाचं विचारायचं नव्हतं, तिनंच काढलं. "समदी ईचारत्यात, कसं संबाळशील. म्हनलं, हातानं. बाळ काय पायानं उचलत्यात व्हय?"

२५ जाने., रवि.

पाच दिवस खुर्चीत बसायचं टाळतेय. संस्थेत तीन खुर्च्या पडून आहेत, कुलपातही नाहीत.

मी सात वर्षांची असताना सरकारी दवाखान्यातून खुर्ची मिळाली होती. अम्मीनं तिथल्या तिथं परत केली. "मेरी बच्ची चलेगी." चालले. पोलिओचा पाय, कॅलिपर, कुबडी. सावेडीतल्या आमच्या गल्लीत किती वेळा पडले त्याला गणती नाही. कोणी उचलायला आलं की अम्मी लांबूनच ओरडायची, "छोडो उसको! उठेगी अपने आप!"

त्याचा मला माज आहे. खुर्चीतल्या लोकांपेक्षा आपण एक पायरी वर, असं आत कुठंतरी आहेच. त्यांच्यासाठी पत्रक काढते आणि मनात हे. लिहिताना लाज वाटते. पण वहीत तरी खोटी टिक नको.

२९ जाने., गुरु.

मिरजगाव. एसटीनं गेले, एवढ्या लांब स्कूटर नको म्हटलं. मंदाताई स्टँडवर हजर. तिथली आशा सेविका, आमची सगळ्यात जुनी वाचक. अंक आला की आधी चुका कळवते, मग खुशाली. खुर्ची तिनंच कुठून तरी मिळवली होती.

कॅलिपर काढला, बसले. बसताना डोळे मिटून घेतले, का कोण जाणे.

मंदाताई ढकलायला. पहिली जागा खाजगी दवाखाना. काउंटरवरचा माणूस माझ्या डोक्यावरून तिला विचारतो, "यांना काय होतंय?"

मी म्हटलं, "यांना राग येतोय."

मंदाताई एवढी हसली की खुर्ची भिंतीला धडकली.

पण हसण्यासारखं नव्हतं. एका मिनिटात मी माणसातून उठले होते. तोच आवाज, तीच मी, फक्त दोन फूट खाली. मोजायचा टेप लावला: संडासाचं दार बावीस इंच, खुर्ची पंचवीस. इथं दिवसभर थांबायचं तर पाणी प्यायचं नाही. प्रज्ञा कुठंही जाताना पाणी पीत नाही, म्हणाली होती. तेव्हा मला ते कळलंच नव्हतं.

दुसरी जागा, आडबाजूचं एक छोटं उपकेंद्र. रंग उडालेला, पत्रे वाजतात. उतार बरोबर, दार रुंद, संडासाला धरायला नळाचा पाइप ठोकलाय. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "माझी सासू खुर्चीत असती. म्हनून करून घेतलं." टिक. पहिली खरी टिक.

७ फेब्रु., शनि.

तेवीस झाल्या. नगरमधल्या सगळ्या जागा संस्थेच्या खुर्चीत बसून. हात सोलले, तळहाताला फोड. चाकं कधी न चालवलेल्या माणसाचे हात.

टिका पाच. तेविसात पाच.

सरांसमोर कागद ठेवला. बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "सतरा नंबरच्या डॉक्टरांचा फोन आला होता. हॉल देणार नाहीत म्हणाले. शिबिर कुठं घ्यायचं शमीम? दीडशे लोकांना पाय बसवायचेत."

वहीत लिहिलं: शिबिराला जागा?

"आणि हे सोडून बाकीचे सतरा? सगळ्यांशी वैर? आपण बातमीपत्र काढतो, निकालपत्र नाही."

"सर, नापास झालेल्याला पास लिहिलं तर तुमच्या शाळेत काय करायचात?"

चष्मा काढून पुसत बसले.

१० फेब्रु., मंगळ.

मार्चचं प्रूफ आलं. यादी आहे, टिकचा रकानाच गायब. खाली एक ओळ: 'सोयींबाबत संबंधित ठिकाणी फोन करून खात्री करावी.'

फोन करून! फोनवरच टिक दिली म्हणून तर ती बाई पायऱ्यांवर लटकली.

सरांना सांगितलं, यावर संपादक म्हणून माझं नाव नको. म्हणाले, ठीक, काढतो. एवढं सहज.

मग मीही सांगितलं. "अंध वाचकांसाठी दर महिन्याला अंक माझ्या आवाजात व्हॉट्सॲपवर जातो. त्यात मी पूर्ण यादी वाचणार आहे. परवा संध्याकाळी. चोरून नाही, म्हणून आधी सांगतेय."

"मी नको म्हटलं तर?"

"तरी."

१२ फेब्रु., गुरु.

पाठवली. अठरा मिनिटं. प्रत्येक जागेचं नाव, पायऱ्या, दार किती इंच, किल्ली कोणाकडं. सतरा नंबरला थांबले आणि म्हटलं, 'इथं आधी टिक होती. ती चुकीची होती. ती मी दिली होती, न बघता.'

पाठवल्यावर फोन उलटा ठेवला. अम्मी: "पहले खाना खा ले. झगडा ठंडा नहीं होता, रोटी होती है."

१६ फेब्रु., सोम.

चार दिवस फोन थांबत नाही. पारनेरचे एक मास्तर, दोन्ही डोळ्यांनी अंध, म्हणाले, यादी तीनदा ऐकली, आमच्या तालुक्याची मीच करतो, कुठं हात लावून बघायचं तेवढं सांगा. मंदाताईनं ऐकून ऐकून कागदावर उतरवली, झेरॉक्स काढल्या, आठवडे बाजारात वाटल्या. एका दवाखान्याचा कंपाउंडर भांडायला आला तर त्याच्याच हातात टेप दिला, "मोज की मग. खोटं हाय तर सांग."

शिव्याही आल्या. एकानं लिहिलंय, लंगडीला फार पाय फुटलेत. फुटू देत.

दुपारी संस्थेचं पत्र. संस्थेचं नाव वापरून परवानगीविना मजकूर प्रसारित केला, संपादकपदावरून का काढू नये याचा खुलासा करावा. सात मार्चला कार्यकारिणीपुढं हजर राहावं. खाली सरांची सही. वळणदार. हीच सही माझ्या नेमणुकीच्या पत्रावर आहे.

१९ फेब्रु., गुरु.

पहिला रोजा. संध्याकाळी सर घरी आले. इफ्तारची वेळ त्यांना माहीत होती, खजूर घेऊन आले. अम्मीनं भजी दिली. बाहेरच्या खोलीत तिघं.

"दोन ओळी लिहून दे. 'अनवधानाने झाले.' मी बाकी सांभाळतो. तुला घालवायचं नाहीये मला."

"अनवधानानं टिक दिली होती सर. खोडली ती शुद्धीत."

"हट्टी आहेस."

अम्मी आतून: "सर, बचपन में इसको कोई उठाने आता था ना, मैं नहीं उठाने देती थी. अब आप मत उठाओ."

सर हसले. डोळ्यांत पाणी होतं की भजीतली मिरची, ठरवता आलं नाही. जाताना म्हणाले, "शिबिराला जागा बघतोय. तुझ्या पाचातली एखादी." मग लगेच, "सातला वेळेवर ये." दोन्ही एकाच सुरात.

२७ फेब्रु., शुक्र.

प्रज्ञाला नववा. बाळंतपण कुठं करायचं? यादीतली नऊ नंबरची जागा, टिकवाली. पण घरापासून लांब. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठ दिवस आधी येऊन राहा, खाटेची उंची तुमच्या खुर्चीएवढी करून घेऊ.

प्रज्ञानं फोनवर एकच विचारलं. "तुमी बघितलंय नव्हं? सोता?"

"खुर्चीत बसून."

"मग जाते."

रात्री झोप नाही. टिक म्हणजे काय ते आज कळलं. एक बाई त्या टिकच्या भरवशावर पोट घेऊन निघालीय.

मंदाताईची बातमी: सतरा नंबरपुढं विटा आणि वाळू येऊन पडलीय. रॅम्पसाठी की फुलझाडांच्या कट्ट्यासाठी, कोणाला माहीत नाही.

७ मार्च, शनि.

अकराला कार्यकारिणी. खुलासा लिहिलाय, पाव पान. माफी नाही. यादी जोडलीय.

मंदाताई पहाटेच्या एसटीनं निघालीय, सोबत चौघी. पारनेरचे मास्तरही येतायत. मी कोणाला बोलावलं नव्हतं. सरांना कळवलं तर म्हणाले, "खुर्च्या कमी पडतील." आवाजावरून राग की काय, कळेना.

काय होईल माहीत नाही. काढतील बहुतेक. काढलं तरी टेप माझा आहे, स्कूटर माझी आहे.

आत्ता निघता निघता प्रज्ञाचा फोन. परवापासून नऊ नंबरमध्ये आहे.

"कळा?"

"न्हाई अजून. बरी हाय. खाट झ्याक हाय, संडासात बी एकटी जाते. पन ताई, लिवून घ्या. दिव्याचं बटन लई वर हाय. खुर्चीतून हात पोचत न्हाई. कुनाला तरी हाक मारावी लागती."

"टिक काढू?"

"काडू नगा. बाजूला लिवा."

लिहून घेतलं. पुढच्या अंकात जाईल. अंक कोण काढणार, ते अकरानंतर.