शेवग्यावरचे सुरवंट

देवरूख, ता. ४ ऑगस्ट २०२४

चि. अनिल यास मालनताईचा सप्रेम जयभीम.

फोनवर ‘मीटिंग आहे’ म्हणून ठेवतोस, म्हणून लिहिते. पुरतं वाच. आयेच्या शेवग्यावर केसाळ सुरवंट आलेत. तिसरी शिकलेली बाई काय सांगते म्हणून हसू नको, वीस दिवस बघते आहे. दिवसा खोडाला घोंगडी गुंडाळल्यासारखे चिकटून असतात, अंधारलं की वर जाऊन पाला खातात. शेजारच्या काजूला तोंड लावत नाहीत. आता बोटाएवढे झालेत, आठवड्यात मातीत उतरतील. शेवग्याला परत पाला फुटतो. जाळायचे मात्र अजिबात नाहीत. गेल्या साली जाळले तर धुराबरोबर केस उडून माझी मान चार दिवस सुजली होती.

अठराला वर्षावासाचं वाचन आपल्या घरी. आये म्हातारपणी साक्षरता वर्गात शिकली, ह्या खेपेला धम्माचं पुस्तक स्वतः वाचणार म्हणते. चष्मा पुसून पुसून झिजवलान.

बायकोला सांग, सुरवंटाची किळस येते तर शेंगा मागवू नको. माया आहेच, तूही ठेव.
मालनताई


मुंबई, ता. ९ ऑगस्ट

ती. ताईस अनिलचा सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. सुरवंटांची शाळा काढलीस की काय? वाचनाला मी आमच्या ऑफिसच्या साहेबांना घेऊन येतोय. दारापुढच्या खळ्यात ती घाण दिसली तर काय शोभा राहील? शेजारच्या बाबूला फोन केलाय, रविवारी तू बाजाराला गेलीस की चूड पेटवून सगळे जाळायचे. तू घरात असलीस तर करू देणार नाहीस. रागावू नको. आयेला नमस्कार. धाकट्यावर मन असू दे.
अनिल


देवरूख, ता. २५ ऑगस्ट

अनिल,

तुझं पत्र आलं तेव्हा आये रत्नागिरीला दवाखान्यात होती. पावसानं धूर वर गेला नाही, पडवीत शिरला. आये डोळे चोळत बसली. डॉक्टरनं केस काढले, काही आतच राहिले. डावा डोळा गेला. उजव्याला अक्षरं म्हणजे मुंग्या दिसतात म्हणते. उरलेले सुरवंट दोन दिवसांनी आपणहून मातीत गेले.

वाचन विहारात झालं. तू फोन बंद ठेवलास.

आये रोज विचारते, बाबूला हे शहाणपण कुणी शिकवलं? बाबू शिव्या खातो, पाण्याची कळशी भरून ठेवतो. तुझं नाव त्यानं घेतलं नाही, मीही नाही. ते तू आयेसमोर बसून सांगायचंस. सांगायचं नसेल तर ह्या उंबऱ्यात पाय ठेवू नको.

मायेचं नंतर बघू.
मालन