नऊ फुटांचं फाटक

६ मे, मंगळवार
नवी गाडी आली. पांढरी, सात सीटर. घरात मी आणि बायको इंदूच, पण देव देतो तर नाही कशाला म्हणा? गाडी फाटकातून आत जात नाही. फाटक नऊ फुटांचं, पण गल्लीत वळायला जागा नाही.
पाळकसाहेबांनी १८ तारखेच्या चर्चच्या उपासनेत ‘धन’ या विषयावर संदेश द्यायला सांगितलंय. योग्य माणूस निवडला. इंदू म्हणते, गाडी पाहूनच निवडला.

८ मे, गुरुवार
तयारी. अब्राहाम श्रीमंत. शलमोन तर विचारूच नका. ईयोबाचं सगळं गेलं, शेवटी दुप्पट मिळालं, उंटांसकट. तीन-शून्य.
विरुद्ध बाजूला सुईचं नाकं आणि उंट: उंट त्यातून जाईल, पण श्रीमंत देवाच्या राज्यात जाणं कठीण. पण मोबाइलवर एका प्रचारक भावांनी समजावलं: सुईचं नाकं हे यरुशलेमचं छोटं फाटक होतं, उंट गुडघे टेकून आत जायचा. म्हणजे अडचण धनाची नाही, फाटकाची आहे! पाळकसाहेब म्हणतात, असं फाटक कधी नव्हतंच. पाळकसाहेबांकडे स्कूटर आहे.
अक्षय मिस्त्रीला बोलावलं. म्हणाला, डावा खांब आणि बाहेरचा ओटा फोडावा लागेल. ‘पण काकाजी, थ्या ओट्यावर ते झाडूवाली बुढी बसते ना जी?’
ओटा माझा आहे.

११ मे, रविवार
दुपारी दोन. बुढी आली. झाडूंचा भारा उतरवून कडुनिंबाच्या सावलीत बसते. काठी टेकते: टक. अर्धा तास फाटकाच्या सळयांतून आत बघते. काही मागत नाही, हाच त्रास. मागितलं असतं तर दिलं असतं.
फाटकाबाहेर पाण्याचा माठ ठेवायचा. उद्यापासून.

१२ मे, सोमवार
माठ आणायला गाडी काढली. बाजारात पार्किंग मिळेना. परत.
आज मागितलं तिनं. ‘घोटभर पानी द्या जी.’ मी खिडकीतच होतो. कूलरच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं धरलं.

१४ मे, बुधवार
खांब, ओटा फोडून झाले. खांबावरची माझ्या नावाची संगमरवरी पाटी अक्षयच्या हातून फुटली. नवी करू.
लूकचं शुभवर्तमान वाचलं. श्रीमंत माणूस, दाराशी पडलेला भिकारी लाजर. मेल्यावर श्रीमंत नरकातून जिभेसाठी पाण्याचा थेंब मागतो. जरा जास्तच कडक. आणि गरिबाचं नाव दिलंय, श्रीमंताचं नाहीच. नजरचुकीने राहिलं असणार. हा मुद्दा संदेशात नको.
दोन वाजता बुढी आली. ओट्याच्या जागी विटांचे तुकडे. थोडा वेळ उभी राहिली. भारा डोक्यावर घेतला, गेली.

१६ मे, शुक्रवार
काल बुढी आली नाही. आज दुपारी दोनला टक असा आवाज आला. बाहेर कुणी नाही. इंदूला आवाज आलाच नाही.
माठ आणला. तोटीचा, रंगवलेला. फाटकाबाहेर ठेवला. तिचं नाव विचारायचं. उद्या नक्की.

१७ मे, शनिवार
दोन वाजता. टक. फाटक उघडून पाहिलं. ऊन आणि माठ.
दोन तांबे पाणी प्यायलो, घसा कोरडाच. मला भीती वाटते. इथं लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय?

१८ मे, रविवार
अब्राहामापर्यंत नीट बोललो. मग घसा बंद. पाणी मागितलं. पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदा मंडळीत कुणीतरी हसलं. पाळकसाहेबांनी मला बसवलं आणि लाजराची गोष्ट अख्खी वाचली.
घरी आलो. माठापाशी दोन झाडूवाल्या पाणी पीत होत्या. गाडीची काच उघडी होती. एक म्हणाली, रामीबाई गेली. बुधवारी उन्हात चौकात पडली, मंग उठलीच नाही. दुसरीनं विचारलं, कोनती रामीबाई?
‘अवं, थे नाही का, या गाडीवाल्याच्या ओट्यावर बसे थे.’
‘कोन गाडीवाला? नाव काय त्याचं?’
‘नाव कोनाले मालूम!’
मी नाव सांगणार होतो. घशातून आवाज निघाला नाही. त्या बाजूला सरकल्या.
गाडी आत घेतली. कुठेही न घासता गेली.