भिंत नसलेली पेशी

तीर्थरूप ताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. (वाकून केलेला नाही. कंबर धरली आहे. कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की नुसती बाटली शेजारी ठेवून बसतेस? भाऊजींचा खोकला गेला असेल तर उत्तम, नसेल तर त्यांना म्हणावं, निदान खोकायची जागा बदला. नातवाला दात आल्याचं कळलं. पहिल्यांदा तुलाच चावला असणार, कारण त्या घरात इतका वेळ एका जागी बसणारं दुसरं कुणी नाही. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी भावजय माझ्याशी बोलते, पण मोजकं.

आता खुर्चीला टेकून बस आणि पुढचं वाच. मी जीवशास्त्र शिकवतो.

हसून झालं असेल तर सांगतो. आमच्या संध्याकाळच्या शाळेत मी भाषा शिकवतो हे तुला माहीत आहे. दिवसभर काम करून आलेली मोठी माणसं असतात. हात धुऊन येतात, तरी ज्याच्या त्याच्या कामाचा वास बाकावर बसतोच. जीवशास्त्राचे सर एका खतकारखान्यात रुजू झाले आणि जाताना पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गेले. विसरून ठेवलं, असं मी समजलो. मुख्याध्यापिका तसं समजल्या नाहीत. त्या म्हणाल्या, भाषेच्या माणसाला कुठलंही पुस्तक वाचता येतं. मी हो म्हणालो. त्या क्षणी माझ्या तोंडात बिस्किट होतं, त्यामुळे याहून लांब उत्तर देणं शक्य नव्हतं.

नाही म्हणता आलं असतं. पण वर्गात मावशी आहेत. (आपली नव्हे. ह्या दवाखान्यातल्या. वयाने माझ्याहून लहान, पण वॉर्डात काम करणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणतात.) वॉर्डाच्या दारावर उभं राहायचं, भेटीची वेळ नसेल तर नातेवाइकांना आत सोडायचं नाही, हे त्यांचं काम. त्यांना नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला जायचं आहे. त्यासाठी जीवशास्त्रात पास व्हावं लागतं, आणि वयाची जी मर्यादा आहे तीत त्या एवढं एकच वर्ष बसतात. वर्ग नीट चालू आहे असं तपासणीच्या साहेबांनी लिहून दिलं तरच आमच्या माणसांना परीक्षेला बसता येतं. सर गेले त्या संध्याकाळी मावशी पुस्तक छातीशी धरून बसल्या होत्या आणि फळ्याकडे बघत होत्या. फळा कोरा होता. मी खडू उचलला. काय लिहायचं ते ठरलेलं नव्हतं.

पहिला धडा पाण्याचा. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. वर्गात एक बसचालक आहेत, त्यांनी विचारलं, का? पुस्तकात लिहिलं आहे की रेणूच्या एका बाजूला थोडा ऋण भार असतो आणि दुसऱ्या बाजूला थोडा धन. हे मला कळलं नव्हतं, म्हणून मी म्हणालो, एका बाजूला थोडी कुरकुर, दुसऱ्या बाजूला थोडी समजूत, त्यामुळे सुटत नाहीत. बेकरीवाल्या काकू म्हणाल्या, म्हणजे आमचं घर. सगळ्यांनी लिहून घेतलं. परासरणासाठी मी मनुका पाण्यात भिजत घातल्या. पाणी आत शिरून त्या फुगायला हव्या होत्या. फुगल्याही असतील. चालक थेट ड्यूटीवरून आले होते, त्यांनी त्या खाल्ल्या. मी ओरडलो तर म्हणाले, “सर, प्रयोग बंद कुठे पडलाय? फक्त जागा बदललीय.” हे उत्तर चूक आहे हे मला माहीत होतं. का चूक आहे ते माहीत नव्हतं.

तेव्हा ठरवलं की मला जे येतं त्याच रस्त्याने जायचं. मला नाटक बसवता येतं. रेणूंच्या साखळीपासून सुरुवात केली. साखरेचे लहान रेणू एकमेकांना जोडले की स्टार्चचा मोठा रेणू होतो, आणि प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. सगळ्यांनी हातात पाण्याचा पेला धरायचा. शेजाऱ्याचा हात धरायचा तर पेला खाली ठेवावा लागतो. साखळी झकास झाली, फक्त काकू आणि टेलर यांच्यामध्ये तुटली. टेलरने काकूंच्या ब्लाउजची बाही आखूड केली होती आणि त्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. मग मी विकर आणलं. (आमच्या पुस्तकात विकर, तू शिकवताना काय म्हणत होतीस ते आठवत नाही.) विकर म्हणजे मध्यस्थ: दोघांची गाठ घालून देतो आणि स्वतः होता तसाच राहतो. मावशींनी पुढे होऊन दोघांची मनगटं धरली, इंजेक्शनच्या वेळी धरतात तशी, आणि हातात हात दिला. काकू म्हणाल्या, “शास्त्रासाठी धरते. बाहीचं नंतर बघू.” टेलर म्हणाले, “बाही बरोबर आहे, काकू. हात वाढलाय.” स्टार्च तयार झालं, पण फार वेळ टिकलं नाही.

यशाने माझं डोकं फिरलं हे मान्य. तपासणीच्या दिवशी मी आख्खी पेशी उभी करायची ठरवली. झाडाच्या पेशीचं आणि प्राण्याच्या पेशीचं, अशी दोन्ही प्रकरणं रात्रंदिवस वाचली आणि त्यातली चांगली चांगली पात्रं निवडली. काकू केंद्रक. सगळ्या कृती त्यांच्यापाशी. मूळ कागद खोलीबाहेर जाणार नाही, नक्कल करून न्यायची. (बेकरीतही त्या असंच करतात, त्यामुळे पाठ करायला काही नव्हतं.) चालक तंतुकणिका: साखर आणि ऑक्सिजन घ्यायचा, पेशीला ताकद पुरवायची. म्हणाले, म्हणजे मी इंजिन, आणि तोंडाने आवाज काढायला लागले. टेलर लयकारिका: बाहेरून आलेल्या वस्तूचे तुकडे करायचे. कात्री त्यांनी घरून आणली. मावशी दारात, म्हणजे पेशीचं पटल. निवड करून आत सोडणारं; साखरेसारख्यांना वाहक हात धरून आणेल तरच. हे सांगताना मी बराच वेळ समजावत होतो, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि म्हणाल्या, “सर, माझं अर्धं आयुष्य ह्याच्यातच गेलंय.”

राहिलं हरितलवक, उजेडातून साखर करणारं. ते कुणी घेईना, कारण हात वर करून उजेडाकडे तोंड करून उभं राहायचं होतं आणि सगळे दमून आलेले. ते मी घेतलं. सूर्य मावळलेला असतो म्हणून टेबलावर चढलो आणि ट्यूबलाइटखाली उभा राहिलो. एका हातात पाण्याचा पेला, दुसरा हात कर्बवायूसाठी रिकामा. समोर भिंत, पाठ दाराकडे. (दिग्दर्शकाने पात्र होऊ नये हे मी इतरांना किती वेळा सांगितलं आहे.)

साहेब आले. मुख्याध्यापिका मागे कपाटाला कुलूप लावत होत्या, त्यामुळे ते एकटेच दारापाशी पोचले. मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं.

“थांबा. कोण तुम्ही?”

“तपासणीला आलोय.”

“असं सगळेच सांगतात. पाणी आहात का?”

“काय?”

“पाणी असाल तर या. हवा असाल तरी या. साखर असाल तर वाहक घेऊन या. एकट्या साखरेला सोडत नाही.”

“अहो बाई, मी साहेब आहे!”

मावशींनी आत वळून विचारलं, “सर, मोठा रेणू आहे. आवाजही करतोय. काय करू?”

ताई, मला वाटलं हा मावशींनी स्वतः रचलेला प्रवेश आहे. मला अभिमान वाटला. मी हात वर ठेवूनच म्हणालो, मोठ्याला थांबवा, पटलाचं कामच ते. पुढचं मला नंतर कळलं: त्यांनी चौकटीत हात आडवा घातला. साहेबांनी खालून वाकून शिरायचा प्रयत्न केला, तो हात खाली आला. वरून पाहिलं, तो हात वर गेला. ह्या बाईने ऑपरेशन झालेल्यांचे सासरे अडवलेले आहेत. शेवटी मुख्याध्यापिका धावत आल्या, त्यांनी साहेबांच्या कोपराला धरलं, तेव्हा मावशी लगेच बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, “हां, आता कसं! वाहक आला. या.”

साहेब आत आले. पेशीच्या आत बाहेरची वस्तू आली म्हटल्यावर टेलर कात्री घेऊन पुढे सरकले. त्यांचा दोष नाही. तसं मीच सांगितलं होतं. कात्री पाहून साहेब फळ्याला टेकले. टेलर त्यांच्या कोटाकडे बघत म्हणाले, “खांद्यात सैल आहे. कुणी शिवला?” चालकांचं इंजिन चालूच होतं. मी मुख्याध्यापिकांचा आवाज ओळखून वळलो, आणि वळताना कमरेत काहीतरी झालं. मला टेबलावरून खाली काढायला साखळीतले सगळे रेणू लागले.

साहेबांनी पाणी मागितलं. पेला माझ्याच हातात होता. त्यांनी तो घेतला. पाणी पिऊन झाल्यावर ते माझ्याशी चांगलं बोलले, हे सांगायला हवं. ते जीवशास्त्राचेच. म्हणाले, “सर, तुम्ही हरितलवक होतात ना? म्हणजे ही झाडाची पेशी. मग हिची भिंत कुठे आहे?” मी खोलीकडे पाहिलं. पटल होतं. पटलाबाहेर झाडाच्या पेशीला एक टणक भिंत असते, ती मी घेतली नव्हती. झाडाच्या प्रकरणातली भिंत मला रटाळ पात्र वाटली होती: बोलत नाही, हलत नाही, आणि खुर्च्याही कमी होत्या. साहेब म्हणाले, ही पेशी धड झाडाची नाही, धड प्राण्याची नाही. आणि असं शिकलेली माणसं परीक्षेत काय लिहितील?

चालकांनी इंजिन बंद केलं. मग मावशी बोलल्या, दारातूनच, जागा न सोडता. “साहेब, भिंत उद्या उभी करू. आम्ही माणसं कमी नाही. पण दार चुकलं का, तेवढं सांगा.” साहेब म्हणाले, “दार बरोबर होतं.” मावशी म्हणाल्या, “मग मला परीक्षेला बसू द्या. बाकीचं मी पाठ करीन. मला यंदाच बसायचंय.” आवाज चढवला नाही. भेटीची वेळ संपली हे सांगताना जो आवाज असेल, तोच.

साहेबांनी शेरा लिहिला. वर्गाला परीक्षेला बसू द्यावं. अट एकच: सोमवारपासून जीवशास्त्राची पदवी असलेल्या शिक्षकाने हा वर्ग घ्यावा, आणि ती व्यक्ती खरोखर उभी असल्याचं ते स्वतः येऊन पाहतील. असा शिक्षक आहे का, असं त्यांनी विचारलं. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीवर आडवा होतो, पण आवाज स्पष्ट होता. मी म्हणालो, आहे. त्याची व्यवस्था झाली आहे, तेव्हा तू ती काळजी करू नकोस. आम्ही हरणार नाही. दुसऱ्याच दिवशी भिंत उभी राहिली: सगळी बाकं उलटी करून पटलाभोवती लावली. आता केंद्रकाला घरी जायचं असेल तर तिच्यावरून चढून जावं लागतं. काकू चढतात. टेलर खालून बाक धरतात, आणि काकू त्यांना धरू देतात.

भाऊजींना नमस्कार. नातवाच्या दातांना माझा आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा, आणि सवयीसाठी रोज थोडा वेळ उभी राहत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. – हिरवं हरितलवक आहे पण भिंत नाही, अशी पेशी असलेला एखादा जीव खरंच असतो का? असला तर त्याचं नाव कळव. मला साहेबांना एक पत्र लिहायचं आहे. सभ्य भाषेत लिहीन.

ता. क. २ – वर ज्या व्यवस्थेचा उल्लेख आहे ती तू. तुझ्या जीवशास्त्राच्या पदवीचं साल मी अंदाजाने सांगितलं, ते येताना प्रमाणपत्रावरून दुरुस्त करून आण. निवृत्तीनंतर खडूला शिवायचं नाही असं तू ठरवलं आहेस हे मी मुख्याध्यापिकांना सांगितलं, त्या म्हणाल्या आमच्याकडे पेन चालतं. रविवारी दुपारपर्यंत ये. मावशींना मी सांगून ठेवलं आहे. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त दारापाशी तुझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली, आणि तिच्यावर कुणालाही बसू देत नाहीत.

ता. क. ३ – तू आली नाहीस तरी वर्ग मी सोडणार नाही. पुढचं प्रकरण आनुवंशिकतेचं आहे. नाकं, टकलं, घोरणं आणि हट्टी स्वभाव एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसे जातात ते मी नाटकातूनच शिकवीन. उदाहरणं आपल्या घरातलीच घेतो आहे. तुझं काम काकू करणार आहेत. त्यांनी तुझ्याविषयी मला बरंच विचारलं, आणि मी काही लपवलं नाही.