हनुवटीपर्यंतची स्की

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन
१६ ऑगस्ट २००५

चि. सौ. मृदुला हिला सरोजताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे, रमणरावांची साखर आणि गच्चीतला कढीपत्ता, तिघंही बरे असाल असं धरून चालते. (नसाल तर आधी हे पत्र पूर्ण वाच आणि मग कळव.) मी उत्तम आहे. उत्तम म्हणजे नुसती शिष्टाचारापुरती नव्हे. आपल्या माहेरी-सासरी मिळून बर्फावरून डोंगर उतरलेली मी पहिली बाई आहे, आणि हे तू मंगळवारी भजनी मंडळात सांगितलंस तरी माझी हरकत नाही. सांगच.

आता मुळापासून ऐक. मी मे महिन्यात इथे आले तेव्हापासून ऋग्वेदा (आपल्या मकरंदची लेक, आता नऊ पूर्ण) माझ्याशी बोलायची ती येस, नो आणि 'आय डोंट माइंड', एवढंच. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत, तेही टीव्हीकडे बघत. मला फार लागायचं गं ते. एवढे समुद्र ओलांडून मी काय वेलिंग्टनचा वारा खायला आले होते? त्यात शाळेची चिठ्ठी आली की ऑगस्टअखेर रुआपेहू डोंगरावर तीन दिवसांचा स्कीइंग कॅम्प आहे, सामान ज्याचं त्याने आणावं. मकरंदला ऑफिस, सूनबाई स्वप्नाला हॉस्पिटलात ड्यूट्या. मी म्हटलं, स्की मी घेऊन देते. मनात म्हटलं, आता तरी पोरगी दोन वाक्यं बोलेल.

शाळेच्या हॉलमध्ये जुन्या स्कींची विक्री होती. तिथल्या एका दाढीवाल्या गोऱ्याने मला अगदी नीट समजावलं. जुन्या वळणाच्या सरळसोट फळ्या घ्यायच्या नाहीत, टोकाला रुंद आणि कमरेत बारीक अशा नव्या घडणीच्या घ्यायच्या. शिकाऊ माणसाला उभी धरली की हनुवटीला लागेल एवढीच लांब, फार तर नाकापर्यंत. आखूड स्की सांगू तशी वळते, लांब स्की सुसाट सुटते आणि कुणाचं ऐकत नाही. मला सगळं समजलं, मृदुला. पण एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलेली मी. वाढत्या अंगाच्या पोरीला अंगाबरोबर माप घ्यायला माझा हातच धजत नाही. फ्रॉकला दोन इंच माया, बुटाला एक नंबर पुढचा, हे आपल्या रक्तात आहे. (तू पाचवीतले बूट दहावीपर्यंत घातलेस, काही बिघडलं का तुझं?) घडण मी अचूक निवडली, कमरेत अगदी बारीक. लांबी मात्र अशी घेतली की टोक ऋग्वेदाच्या हनुवटीला नाही, डोक्याला टेकलं. तो दाढीवाला नको नको म्हणत होता, ऋग्वेदा माझा कोट ओढून 'आज्जी, दे आर टू लाँग' म्हणत होती. मी त्याला इंग्रजीत आणि तिला मराठीत सांगितलं की मुलं वाढतात.

कॅम्पच्या आधी सराव हवा म्हणून मागच्या शनिवारी आम्ही सगळे चार तास गाडीने रुआपेहूला गेलो. (दशम्या मी केल्या होत्या, शेंगदाण्याच्या चटणीसकट.) तिथे व्हायचं तेच झालं. त्या लांबलचक स्की एकमेकींवर चढल्या आणि पोर तोंडावर आपटली, ती नेमकी वर्गातल्या मैत्रिणीच्या पायाशी. मैत्रीण हसली. ऋग्वेदाने स्की काढून भिरकावल्या आणि माझ्याकडे बघून तीन महिन्यांतलं पहिलं लांब वाक्य बोलली. इंग्रजीत. मी तिचं कधीच ऐकत नाही, सगळी चूक माझी आहे आणि ती कॅम्पला जाणार नाही. मकरंद लगेच डोंगर बघायला लागला. शब्दन् शब्द खरा होता गं. मी कुणाची माफी मागत नाही हे तू जाणतेस. (तुझी निळी साडी इस्त्रीने जाळली तेव्हाही मागितली नव्हती.) पण त्या बर्फात उभी राहून मी नातीला म्हटलं, बाळ, चुकलं माझं.

तिला काडीचा फरक पडला नाही. मकरंदने भाड्याने तिच्या मापाच्या आखूड स्की आणल्या, तर त्यांना हात लावेना. हाताची घडी घालून बसली. मी त्या लांब स्कींना धरून बावळटासारखी उभी, आणि सहज खाली बघते तर टोक बरोब्बर माझ्या हनुवटीला! नातीसाठी घेतलेलं वाढतं माप आजीला शिंप्याने शिवल्यासारखं बसलं. मी म्हटलं, ती नाही ना घालत, मी घालते. स्वप्ना नर्स आहे, तिने हिप म्हणजे काय आणि ते कुठे मोडतं हे सविस्तर सांगितलं. मी तिचीच जादा पँट मागून घेतली.

बूट बसवून देणाऱ्या पोऱ्याने सगळ्यांदेखत माझं वजन विचारलं. मी सांगितलं. (मकरंदच्या मुंजीच्या वेळचं.) त्या वजनावर स्कीची पकड बेततात हे कुणी आधी बोललं नाही. परिणाम असा की मी नुसती शिंकले तरी स्की सुटायची. शेवटी परत जाऊन खरं वजन सांगावं लागलं, आणि ते त्याला दोनदा ऐकायचं होतं. मग मी पडले. उठले, पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. बघते तर ऋग्वेदा, आखूड स्की घालून! 'आज्जी, पिझ्झा कर, पिझ्झा! गुडघे वाकव!' (पिझ्झा म्हणजे स्कींची टोकं जवळ, टाचा लांब.) मराठीत ओरडत होती गं पोर, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी. मी पिझ्झा केला आणि खाली आले. ती पुढे, मी मागे. ती कॅम्पला जाणार आहे, आणि वर्गात तिने सांगितलंय की माझ्या आज्जीला मी शिकवलं. मला फार अभिमान वाटला गं.

रमणरावांना नमस्कार.

तुझी,
सरोजताई

ता. क. डोंगर म्हणजे तुझ्या फाटकापासून पिठाच्या गिरणीपर्यंत एवढाच उतार, तीन-तीन वर्षांची पोरं तिथे घसरतात. शेवटचा निम्मा मी बसून उतरले. भजनी मंडळाला एवढ्या खोलात नेऊ नकोस.

ता. क. दुसरा. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन सहा सप्टेंबरला. दोन तारखेला निघून येईन आणि तुझ्या डोळ्यांत मीच थेंब घालीन, असं मी कबूल केलं होतं. ते महिनाभर पुढे ढकलता येईल का? इथला बर्फ ऑक्टोबरपर्यंत टिकतो. तुझा मोतीबिंदू त्याहून टिकाऊ आहे.

ता. क. तिसरा. रागावलीस ना? बर्फाचं नुसतं निमित्त गं. काल ऋग्वेदाने फ्रिजवर लावलेलं माझं परतीचं तिकीट काढून दप्तरात लपवलं. स्वप्ना ओरडली तेव्हा मला येऊन बिलगली आणि म्हणाली, आज्जी, तू जाऊ नको ना. हे गेल्यापासून मला असं कुणी म्हणालं नव्हतं. हवं तेवढं रागाव, पण तारीख बदल.