साठ सेकंदांचा रामराम

प्रिय अहो,

तुमच्या त्या नखाएवढ्या चिपमध्ये मी स्वतः बदललेला प्रोग्राम आज घातला आणि तो चालला. अडुसष्टाव्या वर्षी! हे सांगू कुणाला? सापगावात बोलले तर म्हणतील, बाईंना एकटेपणा बाधला. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

आधी भांडून घेते. तुम्ही गेलात आणि चार महिन्यांत उंबरमाळीच्या डोंगरावरची तुमची डबी बंद पडली. टाकीत झऱ्याचं पाणी पुरेसं साठलं की डबीनं वायरलेसवर कळवायचं, खाली पाड्यात सावळीच्या घरी दिवा लागायचा आणि मगच बायकांनी हंडे घेऊन वर चढायचं. सेल दोन उन्हाळे बघायला नको, ही तुमची बढाई! आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर दिवा लागेना. बायका पुन्हा अंदाजानं चढायला आणि रिकाम्या हंड्यानं उतरायला लागल्या. त्यात सावळीची सून, सातवा महिना लागलेला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, यांचं काम म्हणजे असंच. ते वाक्य आता टोचतंय.

नवे सेल घातले. तीन आठवड्यांत तेही संपले. तेव्हा कुठे तुमची वही उघडली.

मुरबाडहून कारखान्यातून आलात की चिप तळहातावर घेऊन म्हणायचात, "बघ तरी, ही झोपते कशी." मी म्हणायचे, कचेरीत तीस वर्षं डुलक्या घेणाऱ्यांना उठवलंय, घरात आणखी एक नको. मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर डुलकी दिसली की बाकावर पट्टी आपटायच्या, तेच वळण अंगात. पाच मिनिटं तर मागत होतात. का नाही दिली मी?

वही वाचताना मात्र थक्क झाले. दर आठ सेकंदांनी आतलं घड्याळ चिपला हलवतं, ती एक आकडा वाढवते आणि पुन्हा झोपते. असं पंचाहत्तर वेळा झालं की दहा मिनिटं भरतात. मग ती पुरती जागी होते, टाकीत पाणी किती ते बघते, सांगायचं असेल तर सांगते आणि निजते. निजण्याआधी पाणी मोजणारा भागही बंद करायचा, नाहीतर तो झोपेतसुद्धा सेल पीत राहतो! सगळं मिटलेलं, फक्त ते एक घड्याळ चालू. इतक्या थोडक्यात कुणी जगू शकतं? आणि मी तिला आळशी म्हणत होते. तुम्हाला ते ठाऊकच होतं म्हणा. प्रोग्राममध्ये चिपला निजवण्याच्या ओळीशेजारी लिहून ठेवलंयत, "इथे झोपवा. शालन आळशी म्हणेल." हसले. मग बराच वेळ पुढची ओळ दिसेना.

प्रोग्राम चोख होता. मग सेल खातंय कोण? पाड्यात जाऊन सावळीला विचारलं, डबीच्या बटणाला कुणी हात लावतं का. तिनं काही लपवलं नाही.

"वर गेलो का समद्याजनी भाऊंना रामराम घालतो ना, ताई. बटन दाबला का लाल दिवा लुकलुकतो. भाऊच बोलले व्हते, ही तुमच्याशी बोलते. आता भाऊ नाय, तं रामराम पन नको?"

अहो, ते बटण तपासणीचं! दाबलं की डबी साठ सेकंद टक्क जागी, दिवा चालू, वायरलेस चालू. वीस बायका, जाताना आणि येताना. सवय तुम्ही लावलीत आणि दोष मी तुमच्या हुशारीला दिला.

खबरदार कुणी बटणाला हात लावाल तर, हे अगदी जिभेवर आलं होतं. सावळी माझ्याकडे बघत उभी होती. मी डबी काढून घरी आणली.

मग तीन दुपारी तुमच्या लॅपटॉपसमोर बसले. चिप उपटताना तिचा एक पाय वाकवला. उलटी बसवली आणि बोटाला चटका बसला. पुढच्या पानावर दोनदा अधोरेखित केलेलं, "चिपवरचा ठिपका डावीकडे!" हे कुणासाठी लिहिलं होतंत? तुम्हाला तर डोळे मिटून बसवता यायची. शेवटी जमलं. आता बटण दाबलं की दिवा दोनदा लुकलुकतो, वायरलेस जागा होत नाही, आणि चिप लगेच झोपते. रामराम राहिला, मिनिटभराची जाग गेली.

आज सकाळी सावळीबरोबर वर जाऊन डबी बसवली. पहिलं बटण तिनंच दाबलं. लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. ती जरा हिरमुसली.

"आज बिगीनं निजले भाऊ."

"निजू दे त्यांना," मी म्हणाले. मी!

उतरून तिच्या ओट्यावर टेकलो, चहा ठेवलेला, तेवढ्यात घरातला दिवा लागला. सुनेनं आतूनच हाक दिली, पानी झाला. बायका हंडे उचलून निघाल्या. सुनेला सावळीनं खाली बसवलं.

तुमची ती ओळ मी पुसलेली नाही, पुसणारही नाही. तिच्याखाली माझी एक घातलीय, "शालन आता काही म्हणणार नाही." शब्द देते, सेल मी बघीन, आणि माझे गुडघे चालतायत तोवर वर जाऊन मीही बटण दाबीन. एकदाच.

तुमची,
शालन