मेन स्विच मीच बंद केला आहे

बाबा,

वायरमनला बोलावू नका. लाईट गेलेली नाही, मेन स्विच मीच बंद केला आहे. दूध तापवून ठेवलं आहे, नासणार नाही.

रोज साडेपाचला लाईट जायची, त्या तीन आठवड्यांत तुम्ही माझ्याबरोबर मागच्या बागेत बसायचात. गोगलगायीला बादलीवर चढायला अकरा मिनिटं लागतात, हे मी घड्याळ लावून पाहिलं, तर तुम्ही म्हणालात, "आमच्या ऑफिसातल्या फायलीपेक्षा बरी पळते की ही!" गुलबाक्षी उमलताना आईबद्दलही बोललात. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

सोमवारी नवा ट्रान्सफॉर्मर बसला आणि तुम्ही परत टीव्हीसमोर जाऊन बसलात. चार दिवसांत माझ्याशी दोनच वाक्यं बोललात, दोन्ही रिमोट कुठे आहे याबद्दल. मी रागावलेली नाही, फक्त सांगते आहे.

काल मी बागेत एकटीच होते. एका झाडावर एकतीस फुलं उमलली. आकडा सांगायला वळले, तर शेजारी कोणीच नव्हतं.

आत्ताही मागेच बसले आहे. या ना. काही बोलला नाहीत तरी चालेल.